धुऱ्यावरचा कॅमेरा

एप्रिल सरत आला की आमच्याकडच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात. चांगल्या सालीही पडतात आणि वाईट सालीही. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि आकसताना फाटते. भारी वावरात कोपरापर्यंत हात जाईल एवढी भेग सहज सापडते. वरची भुसभुशीत माती, पाचोळा, पऱ्हाटीची वाळकी पात वाऱ्याबरोबर त्या भेगांत उतरते. मृगाचं पाणी आलं की भेगा मिटतात, आणि वरचं खाली गेलेलं असतं. नांगराची वाट न पाहता ही जमीन वर्षानुवर्षं स्वतःला अशी उलथत आलेली आहे. माझे बाबा उन्हाळ्यात भेगाळलेलं वावर पाहून समाधानानं मान हलवतात. "तापली जमीन," म्हणतात.

आणि हीच भेग यवतमाळ जिल्ह्याचा साऱ्या देशाला ठाऊक झालेला फोटो आहे. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांबरोबर आमचा जिल्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्या वर्षांत बाहेरून कॅमेरे येत राहिले आणि परत जाताना दोन चित्रं हमखास घेऊन गेले. हार घातलेली तसबीर मांडीवर धरून उंबऱ्यात बसलेली बाई, हे एक. भेगाळलेली जमीन, हे दुसरं. पहिल्या चित्राबद्दल मी एक अक्षर वावगं बोलणार नाही. तशा उंबऱ्यांवर मी स्वतः जाऊन बसलेली आहे. दुसऱ्याबद्दल मात्र बोलायला हवं. ती भेग बहुतेक वेळा दुष्काळाची नसते. ती त्या मातीची रीत आहे. दुःख वेगळ्या ठिकाणी असतं. ते सावकाराच्या वहीत, बाजारात पडलेल्या भावात, बोंडाच्या आत शिरलेल्या गुलाबी अळीत असतं, आणि यातलं काहीच दुरून दिसत नाही.

२०१७ च्या खरिपात या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या साली पऱ्हाटी कितीतरी ठिकाणी माणसाच्या डोक्याबरोबर वाढलेली होती. फवारा अंगावर, तोंडावर येत होता. त्या दिवसांत कुणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून फोटो काढला असता तर त्यात गर्द हिरवं, डोळे निववणारं रान आलं असतं.

हे सगळं माझ्या मनात कधीपासून होतं. पण ते नीट जागेवर बसलं माझ्या भाचीमुळं. ती नववीत आहे. घाटंजी तालुक्यातल्या माझ्या माहेरी राहते, आणि तिच्या हातात एक छोटा कॅमेरा आहे.

कॅमेरा आमच्या यवतमाळच्या घरातल्या कपाटात पडून होता. कॅनन पॉवरशॉट ए मालिकेतला, १० मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. २०१० च्या सुमारास असे कॅमेरे घरोघर आले होते. त्या एका वर्षात जगभर दहा कोटींच्या आसपास छोटे डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, आणि पुढच्या दहा वर्षांत मोबाइलनं तो बाजार जवळजवळ पुसून टाकला. म्हणून आज कितीतरी घरांत, लग्नाच्या अल्बमखाली, एखादा चालू स्थितीतला कॅमेरा सापडेल. माझ्या भावाकडे मोबाइल आहे, पण तो दिवसभर भावाच्या खिशात असतो आणि खिसा वावरात असतो. पोरीला स्वतःची म्हणावी अशी वस्तू हवी होती. मी दिवाळीत कॅमेरा घेऊन गेले, एक मेमरी कार्ड दिलं, चार्ज होणारे सेल दिले. किराणा दुकानातले साधे सेल तो घटकाभरात संपवतो.

तिनं पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांचे फोटो काढले. सगळे ताठ उभे राहिले. बाबांनी टोपी घातली. मग तिचं मन त्यातून उडालं आणि ती धुऱ्यावर जाऊन उभी राहू लागली.

तिनं काढलेले वावराचे फोटो कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर आईनं पाहिले, तेव्हा आई म्हणाली, "याच्यात तं कोनीच नाई व."

आईचं म्हणणं अगदी रास्त होतं. आमच्या घरात फोटो म्हणजे माणूस, आणि भिंतीवरचा फोटो म्हणजे बहुतेक गेलेला माणूस. बैठकीत माझ्या आजोबांचा एकच फोटो आहे, यवतमाळच्या एका स्टुडिओत काढलेला. आजोबा खुर्चीवर बसलेत आणि त्यांच्यामागे रंगवलेल्या पडद्यावर तळं आहे, संगमरवरी पायऱ्या आहेत, लांबवर बर्फाचा डोंगर आहे. जन्मभर ज्या माणसानं काळ्या मातीखेरीज दुसरं काही पाहिलं नाही, त्याच्या पाठीशी कायमचं ते तळं राहिलं. माझ्या लहानपणी गावात एकाकडे आग्फा क्लिक थ्री होता. १२० नंबरचा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. ते बारा फोटो बारशात, साखरपुड्यात, फार तर पोळ्याच्या बैलजोडीवर खर्च व्हायचे. रिकाम्या वावरावर त्यातला एक घालवावा, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यामुळं आमच्या गावच्या शिवाराचा जुना एकही फोटो कुठं नाही. १९७२ च्या दुष्काळातलं शिवार कसं दिसत होतं, संकरित ज्वारी आली तेव्हा कसं होतं, सोयाबीन आल्यावर हिरवा रंग कसा बदलला, हे फक्त म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत आहे.

भाचीनं काढलेला वावराचा एक फोटो आईनंतर बाबांनी पाहिला. चष्मा कपाळावर सारून, कॅमेरा डोळ्यांपासून हातभर लांब धरून बराच वेळ पाहिला.

"हे कोनाचं वावर होय?"

"आपलंच तं होय, आबाजी. नाल्याकाठचं."

"नाई. आपलं वावर कायंभोर हाय. हे बरड हाय."

पोरगी हिरमुसली. मी फोटो पाहिला. बाबांचं बरोबर होतं. नाल्याकाठची आमची जमीन कोळशासारखी काळी. फोटोत ती फिकट, मुरमाड, टेकडीच्या उतारावरच्या हलक्या जमिनीसारखी आली होती. दुसरा फोटो पहिल्या वेच्याच्या वेळचा, फुटलेल्या बोंडांचा जवळून काढलेला. तो पाहून बाबांनी विचारलं, "कापूस भिजला काय?" तो कापूस भिजलेला नव्हता. पण फोटोत मळकट राखी दिसत होता, अवकाळी पावसात सापडलेल्या कापसासारखा, ज्याचा भाव व्यापारी हात लावताच पाडतो.

याचं कारण त्या छोट्या यंत्राच्या आत आहे, आणि ते मला इतकं महत्त्वाचं वाटतं की सविस्तर सांगते. कॅमेरा उजेड मोजतो तेव्हा तो एक गोष्ट आधीच गृहीत धरून चालतो. त्याच्या लेखी समोरचं जग सरासरीनं मध्यम राखाडी असतं, म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं. रस्ता, झाडं, माणसं, घरं असं सगळं मिसळून असलं की हा हिशेब जमतो. पण समोर नुसती काळी माती ठेवली तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो जास्त उजेड आत घेऊन मातीला राखाडी करतो. समोर नुसता कापूस ठेवला तर त्याला वाटतं झगझगाट आहे, आणि तो उजेड तोडून कापसालाही राखाडी करतो. ज्या जिल्ह्याची सगळी संपत्ती एका काळ्या आणि एका पांढऱ्या गोष्टीत आहे, त्या जिल्ह्यात हे यंत्र दोन्हींना एकाच रंगात बसवतं.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्तातल्या कॅमेऱ्यातही असतो. अधिक-उणे अशी खूण असलेली एक सोय. काळ्या मातीसाठी ती उण्याकडे न्यायची, कापसासाठी अधिककडे. कॅमेऱ्याचं ऐकायचं नाही, आपल्याला जे ठाऊक आहे ते त्याला सांगायचं. पोरीला हे समजल्यावर तिनं दोन दिवस तेवढंच केलं. तेच वावर, तेच बोंड, कधी एक घर खाली, कधी एक घर वर. संध्याकाळी आबाजींसमोर परीक्षा. ज्या फोटोवर बाबा काही न बोलता पुढं गेले, तो पास. ते थांबले की पुन्हा धुऱ्यावर. फोटोग्राफीचं एकही पुस्तक न पाहिलेला माणूस उजेडाच्या एका घराचा फरक बिनचूक पकडत होता, कारण त्याच्यासाठी तो फरक एकरी उताऱ्याचा होता.

तेव्हापासून बाबा तिचे गुरू झाले. त्यांनी तिला कुठं उभं राहायचं ते सांगितलं नाही, कधी जायचं ते सांगितलं. मार्गशीर्षात सकाळी वाघाडी नदीच्या काठानं धुकं सरकतं ते ऊन चढेपर्यंतच. तूर पिवळी होते तेव्हा कापसाचा वेचाही चालू असतो, म्हणून त्या पंधरा-वीस दिवसांत शिवारात पांढरं आणि पिवळं शेजारी-शेजारी असतं; मग तुरीला शेंगा धरतात आणि पिवळं जातं. शेवटचा वेचा होऊन उलंगवाडी झाली की पऱ्हाट्या उपटून धुऱ्याला रचतात, आणि वावर पहिल्यांदा सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडं दिसतं. फाल्गुनात पळस. सागाची पानं तोवर झडलेली, डोंगर तपकिरी, आणि त्यात पळसाचे केशरी ठिपके. पुढं मोहाखाली पहाटे फुलं वेचणारी कोलाम पोडावरची माणसं. पावसाळ्यात साग फुलतो, तेव्हा पानांच्या वर पांढुरका मोहर दिसतो. तो बाहेरच्या माणसाच्या लक्षातही येत नाही. हे सगळं बाबांनी बोटावर मोजून सांगितलं, आणि त्यात एकदाही "सुंदर" म्हटलं नाही.

मे महिन्यात ती वैतागली. दिवसभर उजेडच उजेड, आणि एकही फोटो धड येईना. यवतमाळ २० अंश अक्षांशाच्या थोडं वर आहे, म्हणून मेच्या २० ते २५ तारखांच्या दरम्यान दुपारी बारानंतर पाव तासानं सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते. शाळेत त्यांना हा शून्य सावलीचा प्रयोग करून दाखवला होता. पण सावली नसली की जमिनीचा चढ-उतार दिसत नाही, हे तिला कॅमेऱ्यानं दाखवलं. सकाळी साडेसहाला ज्या वावरात वखराची प्रत्येक ओळ उठून दिसत होती, ते दुपारी कोऱ्या कागदासारखं आलं. त्यात भर म्हणजे उन्हात मागचा पडदा दिसत नाही आणि या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी नाही. मग पोरगी ओढणी डोक्यावरून घेऊन कॅमेऱ्यासकट आत शिरते. जुन्या स्टुडिओतले फोटोग्राफर काळ्या कापडाखाली जायचे, थेट तसं.

छोट्या कॅमेऱ्याला जे जमत नाही ते पुष्कळ आहे. आमच्या तालुक्याला लागून पांढरकवड्याकडे टिपेश्वरचं अभयारण्य आहे, १४८ चौरस किलोमीटरचं. थंडी पडली की सुन्ना आणि माथनी फाटकांकडे जिप्सी लागतात, आणि त्यांतल्या पर्यटकांच्या मांडीवर हातभर लांब भिंगं असतात. भाचीच्या कॅमेऱ्याचा झूम ३.३ पट. त्यात वाघ आला तरी गवतातला एक ठिपका येईल. त्या गाड्यांतली माणसं वाघ दिसला नाही तर "काहीच दिसलं नाही" म्हणत परततात. मला त्याचं दरवेळी वाईट वाटतं. त्यांनी जाता-येता सागवन पाहिलेलं असतं, नाल्यातला उघडा बसाल्ट पाहिलेला असतो, सपाट माथ्याच्या टेकड्यांची रांग पाहिलेली असते. त्या टेकड्या सपाट का, हे कुणी विचारत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा आडवा पसरत गेला, म्हणून त्यांना शेंडा नाही, माथा आहे, आणि उतारावर पायऱ्या आहेत. तिरप्या उन्हात, म्हणजे पौषातल्या संध्याकाळी, त्या पायऱ्या मोजता येतात. हे टिपायला लांब भिंग लागत नाही.

उलट एक गोष्ट या कॅमेऱ्याला महागड्या कॅमेऱ्यापेक्षा सहज जमते. आतला संवेदक जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असतो, म्हणून भिंगही आखूड असतं, आणि त्यामुळं पायाजवळच्या ढेकळापासून क्षितिजावरच्या टेकडीपर्यंत बरंचसं एकाच वेळी रेखीव येतं. मोठ्या कॅमेऱ्यानं हे साधायला छिद्र बारीक करा, तिवई लावा, असं बरंच करावं लागतं. आपल्या सपाट मुलखाला हे फार उपयोगी आहे. उभ्यानं फोटो काढला की खाली माती, वर आभाळ आणि मधे एक कंटाळवाणी रेघ. पोरगी आता दोन ओळींमधल्या तासात पोटावर झोपते. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंच धरते. मग पुढचं ढेकूळ डोंगराएवढं होतं, पऱ्हाटीच्या दोन ओळी मागं जाऊन एकमेकींना भेटतात, आणि सपाट वावराला खोली येते. तिच्या आईला कपड्यांवरची माती दिसते. माझ्या मते ती माती परवडण्यासारखी आहे.

मी तिला अमेरिकेतल्या ॲन्सेल ॲडम्सची गोष्ट सांगितली. १९१६ साली चौदा वर्षांच्या या मुलाला आईवडिलांनी योसेमिटीच्या सहलीत कोडॅकचा ब्राउनी दिला होता. पुठ्ठ्याचा, पेटीसारखा. १९०० साली हा कॅमेरा निघाला तेव्हा त्याची किंमत एक डॉलर होती, मुलांनीही वापरावा म्हणून. ॲडम्स एका जुनाट बुंध्यावर चढून हाफ डोम नावाच्या कड्याचा फोटो काढायला गेला, बुंधा ढासळला, पडता-पडता बटण दाबलं गेलं आणि कडा उलटा आला. तो फोटो त्यानं आयुष्यभर जपला. पुढं निसर्गाच्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रणात त्याच्याएवढं नाव दुसऱ्या कुणाचं झालं नाही, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा आधीच ठरवून उजेड मोजायची पद्धत त्यानं एका सहकाऱ्याबरोबर बसवली. आबाजी आणि भाची अंगणात जे करत होते ते त्याच जातीचं काम होतं.

"त्याच्याजवळ एवढा मोठा डोंगर होता, आत्या," ती म्हणाली.

मला त्याक्षणी उत्तर सुचलं नाही. डोंगर नसलेल्या मुलखाचं काय करायचं, हा प्रश्न खरा आहे. जिल्ह्यात बघण्यासारखं म्हणून जे दाखवतात ते उमरखेडकडचा पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, फार तर यवतमाळ ते मूर्तिजापूर एकेकाळी धावणाऱ्या शकुंतला रेल्वेचे गवतात बुडालेले अरुंद रूळ. दोन्हींचे फोटो पुष्कळ झालेत. तिला घेऊन मी झरी जामणी तालुक्यात शिबला-पारडीकडे गेले. तिथं २०२१ साली बसाल्टचे खांब उघडे झाले आणि संशोधक सुरेश चोपणे यांनी ते काय आहे ते लोकांना सांगितलं. लाव्हा निवताना आकसला, तडे गेले, आणि ते तडे षटकोनांत जुळत खोल गेले, म्हणून दगडाचे उभे खांब तयार झाले. पोरगी बराच वेळ हात फिरवत राहिली. मग म्हणाली, आपल्या वावरासारखंच झालं की हे. आकसून फाटलं. तिच्या वयाला मला हे कुणी सांगितलं असतं तर मी भूगोल शिकले असते. काळी माती याच दगडाची झालेली आहे, दगड कुजून, पावसानं खाली वाहून. तिनं खांबांचा फोटो काढला, पण त्यात ते केवढे आहेत ते कळेना. शेवटी मला बाजूला उभं केलं. आईनं तो फोटो पाहिला आणि पहिल्यांदाच म्हणाली, हा चांगला आला, याच्यात मानूस हाय.

मोठ्या डोंगराच्या प्रश्नाला मात्र तिनंच वाट काढली. नाल्याकाठच्या वावराच्या धुऱ्यावर एक दगड आहे. त्यावर तिनं गेरूनं खूण केली. कॅमेरा त्याच खुणेवर ठेवायचा, तोंड त्याच निंबाच्या झाडाकडे, झूम अजिबात नाही, आणि वर्षभर जमेल तेव्हा तोच फोटो. पेरणी, डवरणी, झड, पाती, बोंड, वेचा, उलंगवाडी, उन्हाळवाही. मला दादासाहेब फाळके आठवले. १९१२ च्या सुमारास, 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा न हलवता त्याच्या वाढीचं थोडं-थोडं चित्रण केलं. मिनिटभराच्या फिल्ममध्ये वेल वर चढली. भारतीय चित्रपटाचा पाया एका रोपावर रोखलेल्या कॅमेऱ्यानं घातला, आणि तोही एका मराठी माणसानं घरात बसून. पोरीला मी हे सांगितलं तेव्हा तिला वेलीपेक्षा एकाच गोष्टीचं नवल वाटलं, की त्यांनी एवढे दिवस कॅमेऱ्याला हात कसा लावला नाही.

ते एका जागचे फोटो आता ओळीनं पाहायला मिळतात, आणि मला त्यांच्यापुढं सहज बोलता येत नाही. त्यात भेगांचा फोटो आहे. पण त्याच्या आधी बांधणीला आलेल्या गठ्ठ्यांचा आहे, आणि नंतर तिफण घेऊन चाललेल्या बैलजोडीचा आहे. त्यात सरत्यातून सुटलेलं बी दिसत नाही, पण सरत्यावरचा आईचा हात दिसतो. एकट्या भेगेला दिल्लीतल्या माणसानं जो अर्थ लावला, तो या रांगेत लावता येत नाही. एका फोटोत धुऱ्यापलीकडे शेजारचं वावर पडीक आहे. तिनं ते मुद्दाम घेतलेलं नव्हतं, चौकटीत आपोआप आलं. मागच्या फोटोंत तिथं पऱ्हाटी आहे, या वर्षी गाजरगवत. ते वावर का पडलं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या घराबद्दल मी इथं लिहिणार नाही. पण जिल्ह्याच्या दुःखाचा खरा फोटो मला विचाराल तर तो हा आहे. मधे काहीच फाटलेलं नाही. कडेला एक तुकडा दोन वर्षांत बदलला आहे. तो दिसण्यासाठी पुढच्या वर्षीही त्याच दगडावर कुणीतरी कॅमेरा ठेवायला हवा, आणि ते गावात राहणारं माणूसच करू शकतं.

म्हणून मला वाटतं की जिल्हा परिषदेच्या शाळांतून एखादा तरी असा कॅमेरा मुलांच्या हाती द्यावा. नवा घ्यायचं कारण नाही; शहरातल्या कपाटांत ते पडलेले आहेत. सोळा तालुके आहेत. वणीकडच्या कोळशाच्या खाणींशेजारची शिवारं आहेत, पुसदकडचे डोंगर आहेत, बेंबळा आणि अरुणावतीच्या धरणांत गेलेल्या गावांचे काठ आहेत, वर्धा नदीच्या कडेची राळेगाव-मारेगावची पूर ओसरल्यावरची वावरं आहेत. प्रत्येक ठिकाणी एखाद्या मुलानं एकच दगड धरला आणि दहावी होईस्तोवर सोडला नाही, तर या जमिनीचं जे चित्र कुणाकडेच नाही ते तयार होईल. स्पर्धा नको, बक्षीस नको. बक्षीस लागलं की पोरं सूर्यास्त काढायला लागतात.

सध्या तिच्या डोक्यात जागल आहे. रब्बीचा हरभरा वर आला की रात्री डुकरं आणि रोही उतरतात. माणसं मचाणावर बसून बॅटरी फिरवतात, डबे वाजवतात. तिला त्या बॅटऱ्यांचा उजेड हवा आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत तिनं एक सोय शोधून काढली, झडप १५ सेकंद उघडी ठेवायची. तेवढ्या वेळात अंधारात फिरलेला उजेड रेघ होऊन उमटतो. अंगणात तिनं आबाजींकडून करून घेतलं. बाबा बॅटरी घेऊन गोठ्यापासून विहिरीपर्यंत चालले, आणि फोटोत बाबा नाहीत, त्यांची वाट आहे. त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, रेघ मधेच तुटली ती कायनं. तिथं ते बैलाच्या पाठीवर हात ठेवायला थांबले होते, बॅटरी काखेत धरून. आता दोघांचा बेत ठरलाय. शेजारच्या तीन मचाणांवरच्या माणसांनाही सांगून ठेवलंय, की पोरगी हाक देईल तेव्हा सगळ्यांनी एकदमच बॅटऱ्या फिरवायच्या. टिपेश्वरचा वाघ आमच्या शिवारापर्यंत येतो, म्हणून वहिनी रात्री पाठवायला तयार नाही. बाबा म्हणतात, बंडीतून नेतो, मचाणावरून खाली उतरू देत नाही. वहिनीनं अजून हो म्हटलेलं नाही. मला मात्र सेलचा आणखी एक जोड घेऊन यायला सांगितलंय, कारण थंडीत ते लवकर उतरतात.